नीतिविषयक निबंधस्पर्धा: संशयापासून निर्णयापर्यंत निबंध कसा लिहावा

नैतिक प्रश्नांवरील स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांनी लिहिलेले निबंध मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांतले बरेचसे निबंध एकाच कारणाने मागे पडतात, आणि ते कारण असे की लिहिणाऱ्याला उत्तर लेखणी हाती घेण्याआधीच ठाऊक असते. सत्य बोलावे, दुर्बलांना मदत करावी, निसर्गाचे रक्षण करावे, हे पहिल्या परिच्छेदातच ठरून जाते आणि उरलेली पाने त्या उत्तराची थोरवी सांगण्यात खर्ची पडतात. यासाठी विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही, कारण शालेय निबंधाने त्यांना दिलेल्या विषयाचे महत्त्व पटवून देण्याचीच सवय लावलेली असते. नीतीचा प्रश्न मात्र तेथे सुरू होतो जेथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि एक राखायची तर दुसरीला मुरड घालावी लागते.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्राने प्रश्नाच्या विचारासाठी ‘अधिकरण’ नावाची जी चौकट घालून दिली, तिच्या अंगांमध्ये विषय, संशय, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांचा समावेश होतो. विषय पुढे आला की थेट निर्णयाकडे उडी मारता येत नाही. आधी संशय मांडावा लागतो, म्हणजे हा प्रश्न खरोखरच दोन्ही बाजूंनी सुटू शकतो हे दाखवावे लागते. मग पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला अमान्य असलेली बाजू, पूर्ण ताकदीनिशी उभी करावी लागते, आणि त्यानंतरच उत्तरपक्ष, म्हणजे स्वतःचा निर्णय, देण्याचा अधिकार मिळतो. नीतिविषयक निबंधासाठी याहून चांगला आराखडा मला आजवर सापडलेला नाही, म्हणून पुढचे विवेचन साधारण त्याच क्रमाने केले आहे.

आधी नियमावली

नियमावली दोनदा वाचावी आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल असावी. विषय दिलेला आहे की स्वतः निवडायचा आहे, शब्दमर्यादेत संदर्भ धरले जातात का, निबंधावर नाव लिहिणे चालते का, मार्गदर्शक शिक्षकांची संमती लागते का, आणि परीक्षणाचे निकष कोणते, एवढ्या गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात. शब्दमर्यादा पाहूनच प्रश्नाचा आवाका ठरतो. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले लेखक एली विझेल यांच्या प्रतिष्ठानाने १९८९ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या नीतिविषयक निबंधस्पर्धेत तीन ते चार हजार शब्दांचे निबंध मागवले जात. तेवढ्या जागेत एखाद्या प्रसंगाचा तपशील आणि दोन-तीन आक्षेपांचा परामर्श नीट मावतो. हजार-दीड हजार शब्दांत मात्र एकच प्रश्न, एकच बाजू आणि एकच बळकट आक्षेप घ्यावा, नाहीतर सगळ्यांना स्पर्श होतो आणि कशाचाच विचार होत नाही.

लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कितपत चालतो, हेही याच वेळी पाहावे. काही ठिकाणी तो पूर्णपणे निषिद्ध असतो, तर काही ठिकाणी शुद्धलेखनापुरता चालतो, मात्र तसे नमूद करावे लागते. माझे मत विचाराल तर, जेथे तो चालतो तेथेही युक्तिवाद स्वतःचाच असावा, कारण अशा स्पर्धेत परीक्षक लिहिणाऱ्याचा निर्णय आणि त्या निर्णयाची त्याने घेतलेली जबाबदारी तपासत असतात, आणि ती जबाबदारी उसनी आणता येत नाही.

प्रश्न नेमका करणे

सर्वाधिक वेळ या पायरीवर द्यावा. हाताशी सहा आठवडे असतील तर त्यांतले दोन केवळ प्रश्न ठरवण्यात गेले तरी ते वाया गेले असे मानू नये. ‘आजच्या युगात नैतिकतेचे स्थान’ हा प्रश्न नाही, ते केवळ शीर्षक आहे. ‘खोटे बोलणे योग्य आहे का?’ हा प्रश्न आहे, परंतु तो इतका पसरट आहे की त्याचे कोणतेही उत्तर अर्धेच खरे ठरते. प्रश्नात कर्ता कोण, त्याला करायची कृती कोणती आणि त्याच्यापुढची अडचण कोणती, हे तिन्ही आले म्हणजे तो लिहिण्याजोगा झाला असे समजावे.

असे प्रश्न बहुधा घडलेल्या घटनांत दडलेले असतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील सिएटल शहरात दीर्घकालीन डायलिसिसची सोय प्रथमच उपलब्ध झाली, तेव्हा यंत्रे मोजकी होती आणि त्यांच्यावाचून मृत्यू अटळ असलेले रुग्ण कितीतरी अधिक होते. वैद्यकीय चाचणीतून पार पडलेल्यांपैकी कोणाला उपचार द्यायचे हे सात जणांची एक समिती ठरवत असे, आणि ती निवड करताना वय, विवाह, अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, शिक्षण अशा गोष्टी विचारात घेई. या घटनेवर ‘प्रत्येक जीव मोलाचा आहे’ असे लिहिल्याने काहीच साधत नाही, कारण समितीतील माणसांनाही ते मान्यच असणार. ‘वाचवण्याची साधने सर्वांना पुरणारी नसतील तेव्हा रुग्णाच्या सामाजिक उपयुक्ततेला वजन द्यावे की चिठ्ठी टाकून निवड करावी?’ असे विचारले की लगेच दोन बाजू समोर उभ्या राहतात आणि दोन्हींकडे सांगण्यासारखे काही आहे हे जाणवते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्याकडे ‘सत्याचे महत्त्व’ या विषयावरचा कच्चा निबंध आणला होता. त्याची सुरुवात अशी होती: ‘सत्य हे सर्वश्रेष्ठ मूल्य आहे. डॉक्टरांनी रुग्णाशी नेहमी खरे बोलावे. असत्यामुळे समाजाचा विश्वास ढासळतो.’ डॉक्टर येथे कोठून आले, असे मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की तिच्या आजीला कर्करोग झाला होता आणि घरच्यांनी डॉक्टरांना विनंती करून आजीला ‘पोटात व्रण आहे’ एवढेच सांगायला लावले होते. आजीने एकदा नातीलाच विचारले, “मला नेमकं काय झालंय गं?” आणि ती काही न बोलता पाण्याचा पेला भरून आणण्यासाठी उठून गेली. निबंधाचा खरा प्रश्न त्या उठून जाण्यात होता. पुढच्या मसुद्यात तो असा उतरला: ‘कुटुंबीयांनी प्रेमापोटी विनंती केली असता डॉक्टरांनी रुग्णापासून त्याचे निदान लपवावे का?’ सत्याच्या महतीबद्दलचे सगळे परिच्छेद त्यानंतर आपोआप गळून पडले. पुढील पायऱ्या स्पष्ट करण्यासाठी मी हेच उदाहरण वापरणार आहे.

संशय मांडणे

निबंधाचा पहिला परिच्छेद संशयासाठी राखून ठेवावा. सुभाषिताने, शब्दकोशातील व्याख्येने किंवा ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशा वाक्याने सुरुवात करू नये, कारण परीक्षकाने तशी वाक्ये त्याच दिवशी कित्येकदा वाचलेली असतात आणि त्यांतून प्रश्नाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रसंग चार-पाच वाक्यांत सांगावा आणि मग पेच उघड करावा: निदान सांगितले तर उरलेले दिवस भीतीने झाकोळून जातील, न सांगितले तर त्या दिवसांत काय करायचे हे ठरवण्याची संधीच त्या व्यक्तीच्या हातून काढून घेतली जाईल. वाचकाला येथे दोन्हीकडची ओढ जाणवली पाहिजे. ती जाणवते की नाही हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे हा परिच्छेद दोघांना वाचायला देऊन त्यांचे मत विचारणे. दोघांनीही क्षणाचाही विलंब न लावता एकच उत्तर दिले, तर पेच अजून नीट मांडला गेलेला नाही.

बाजू घेणे

संशय मांडल्यावर निर्णय द्यावाच लागतो. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि प्रत्येकाने परिस्थितीनुसार ठरवावे’ असा शेवट सुरक्षित वाटतो, परंतु त्यात विचार अर्ध्यावर सोडून दिलेला असतो. परिस्थितीनुसार ठरवायचे असेल तर परिस्थितीतील कोणती गोष्ट निर्णायक ठरते ते सांगावे, म्हणजे तोही एक पक्का निर्णय होतो.

आपली बाजू एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावी. त्या विद्यार्थिनीचे वाक्य असे होते: ‘डॉक्टरांनी खोटे निदान सांगू नये, मात्र किती जाणून घ्यायचे हे रुग्णाला विचारून ठरवावे, आणि हा अधिकार कुटुंबाच्या विनंतीमुळे कुटुंबाकडे जात नाही.’ या वाक्यात तीन निरनिराळे दावे आहेत, आणि प्रत्येक दाव्याला स्वतंत्र कारण लागते, हे ध्यानात आल्यावर निबंधाचा मधला भाग कसा रचायचा तेही तिला कळले. खोटे सांगणे आणि गप्प राहणे या एकच गोष्टी आहेत का, ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याच्यावर सत्य लादता येते का, आणि प्रेम असले म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याचे निर्णय घेण्याचा हक्क मिळतो का, असे ते तीन उपप्रश्न होते.

वस्तुस्थिती आणि मूल्य यांची गल्लत

आकडे आणि अभ्यास वापरावेत, पण ते काय सिद्ध करू शकतात हे ओळखून. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता, आणि १९७९ साली तशाच प्रश्नांवर प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अठरा वर्षांत एका व्यवसायाची रीत किती बदलली ते दिसते. त्यावरून सांगणे योग्य आहे असे मात्र ठरत नाही, कारण १९६१ च्या आकड्यावरून न सांगणे योग्य होते असेही मग मान्य करावे लागेल. जे आहे त्यावरून जे असावे ते परस्पर काढता येत नाही, हा मुद्दा डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात मांडला, आणि निबंधातील निदान निम्म्या चुका तो विसरल्यामुळे होतात असे माझे निरीक्षण आहे. ‘सगळेच असे करतात’, ‘कायद्याने परवानगी आहे’, ‘निसर्गातही असेच घडते’, ही वाक्ये मसुद्यात आढळली की तेथे थांबावे आणि मधली कडी कोणती राहिली ते शोधावे.

आकड्यांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कुटुंबीयांचा युक्तिवाद ‘सत्य कळले की रुग्ण खचतो’ या गृहीतावर उभा असतो, आणि ते गृहीत वस्तुस्थितीविषयीचे असल्यामुळे ते अभ्यासांच्या आधारे तपासता येते. असा अभ्यास स्वतः वाचलेला असेल तरच त्याचा हवाला द्यावा.

तत्त्वज्ञांची नावे आणि जुन्या कथा

अनेक स्पर्धक निबंधाच्या मध्यभागी कांट, मिल आणि ॲरिस्टॉटल यांच्यासाठी एकेक परिच्छेद ठेवतात आणि प्रत्येकाने या प्रश्नाला काय उत्तर दिले असते ते सांगतात. या फेरफटक्यातून लिहिणाऱ्याचे वाचन दिसते, पण युक्तिवाद जागचा हलत नाही. एखादा सिद्धान्त आपल्या दाव्याला आधार देत असेल किंवा त्याला अडवत असेल, तरच तो आणावा.

हे कसे करायचे ते एका जोडीवरून दाखवतो. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या कौशिकाने, दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारताच खरा सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. इमॅन्युएल कांट याने १७९७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात जवळजवळ हाच प्रसंग घेतला आहे: खुनी माणूस दारात येऊन आपला मित्र आत लपला आहे का असे विचारतो. कांटचा निर्वाळा असा की तेथेही खोटे बोलण्याचा हक्क पोहोचत नाही. एकाच प्रसंगावर दोन परंपरांनी दिलेले हे परस्परविरुद्ध निवाडे शेजारी ठेवले की वाचक सावध होऊन बसतो.

परंतु खरे काम यानंतर सुरू होते. आजीच्या निदानाला ही कथा कितपत लागू पडते, हे विचारावे लागते. दरोडेखोर आणि खुनी यांना ते सत्य दुसऱ्याचा घात करण्यासाठी हवे आहे आणि त्यावर त्यांचा कसलाही अधिकार नाही. रुग्ण मात्र स्वतःच्याच देहाविषयी विचारत आहे. म्हणून कौशिकाला दोषी मानणाऱ्यानेही आजीशी खोटे बोलणे योग्य ठरवलेच पाहिजे असे नाही. दाखल्यातील साम्य सगळेच दाखवतात, पण तो दाखला कोठे जुळत नाही हे ज्या निबंधात दिसते त्याच्यावर परीक्षकाची नजर थबकते.

पूर्वपक्ष

निबंधाचे मोल माझ्या मते या भागावर ठरते, आणि म्हणून दीड हजार शब्दांच्या निबंधात निदान साडेतीनशे-चारशे शब्द त्याला द्यावेत. आक्षेप निवडताना सहज खोडता येणारा आक्षेप घेण्याचा मोह होतो. ‘काही लोक म्हणतील की खोटे बोलल्याने काही बिघडत नाही’ असे कोणताही विचारी माणूस म्हणत नसतो, त्यामुळे त्याचे खंडन करून काही मिळवल्यासारखे होत नाही. ज्याला आपले मत पटत नाही अशा जवळच्या माणसाशी तासभर बोलावे, त्याला मध्ये न तोडता ऐकावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मग ते निबंधात असे लिहावे की वाचल्यावर तो म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचं होतं.”

त्या विद्यार्थिनीने आपल्या आईशीच बोलणे केले, कारण निदान लपवण्याचा आग्रह आईचा होता. आईने तिला एकच प्रश्न विचारला: “किती जाणून घ्यायचं आहे असं डॉक्टरांनी तिला विचारलं, की तिला सगळं कळलंच नाही का?” हा आक्षेप वरवरचा नव्हता. निवड देण्याच्या कृतीनेच निवड संपते, म्हणजे ‘रुग्णाला विचारून ठरवावे’ हा तिचा मधला दावा जागच्या जागी कोसळत होता. ती दोन दिवस अडून राहिली. तिसऱ्या दिवशी तिला वाट दिसली: हा प्रश्न निदान हाती आल्यावर विचारला तर तो स्वतःच बातमी ठरतो, पण तपासण्या सुरू होण्यापूर्वी, कोणालाच काही माहीत नसताना, प्रत्येक रुग्णाला विचारला तर त्यातून काहीच उघड होत नाही. तिने भिंतीवरचे वाक्य काढले आणि त्यात ‘तपासणीपूर्वी’ हा शब्द घालून पुन्हा लावले. निबंधात तिने हा बदल लपवला नाही. आक्षेप सांगितला, आपली मूळ मांडणी त्यापुढे टिकत नाही असे मान्य केले, आणि सुधारलेली मांडणी पुढे ठेवली. ज्यांना तपासणीपूर्वी कोणी काही विचारलेच नाही, अशा रुग्णांच्या बाबतीत अडचण तशीच उरते हेही तिने दोन वाक्यांत नमूद केले.

आक्षेपाला उत्तर देताना तीनच प्रामाणिक मार्ग असतात. आक्षेपातील गृहीत चुकीचे आहे हे दाखवावे, किंवा आक्षेप खरा असला तरी त्याचे वजन कमी का पडते ते सांगावे, किंवा आपली बाजू त्यानुसार बदलावी. तिसरा मार्ग घ्यायला विद्यार्थी बिचकतात, कारण त्यात हार मानल्यासारखे वाटते. मी वाचलेले उत्तम निबंध मात्र बहुधा त्याच मार्गाने गेलेले आहेत.

मसुदा आणि भाषा

पहिला मसुदा एका बैठकीत, न थांबता लिहावा आणि निदान तीन दिवस बाजूला ठेवावा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो परिच्छेद काय काम करतो ते चार शब्दांत लिहावे. जेथे चार शब्द सुचत नाहीत तो परिच्छेद काढून टाकावा. ‘निःसंशय’, ‘अर्थातच’, ‘कोणीही मान्य करील’ असे शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ मारावी, कारण बहुतेक वेळा जेथे कारण द्यायचे राहून गेले तेथेच ते आलेले असतात. ‘न्याय’, ‘स्वातंत्र्य’, ‘प्रतिष्ठा’ हे शब्द ज्या अर्थाने पहिल्या पानावर आले त्याच अर्थाने शेवटच्या पानावर आले आहेत ना, हेही ताडून पाहावे. वाक्ये लांब असायला हरकत नाही, मात्र मोठ्याने वाचताना कर्ता आणि क्रियापद यांची गाठ सुटता कामा नये.

स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग वापरला असेल तर त्यातील माणसांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढावेत, आणि शक्य असेल तेथे त्यांची परवानगी घ्यावी. नीतीवर लिहिताना दुसऱ्याचे खासगी दुःख त्याला न विचारता चव्हाट्यावर मांडणे हा स्वतःच एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याचा विचार घेतला असेल तर तो शब्दशः घेतलेला असो वा आपल्या शब्दांत मांडलेला, त्याचे श्रेय द्यावे.

पाठवण्यापूर्वी

शीर्षक सर्वांत शेवटी ठरवावे, कारण प्रश्नाचे नेमके रूप तोवर हाती आलेले असते. परीक्षकांना नावे कळू द्यायची नाहीत असा नियम असेल तर केवळ पहिल्या पानावरचे नाव काढून भागत नाही. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव आपोआप नोंदलेले असते, तेही पुसावे आणि फाइलच्या नावातून शाळेचा किंवा महाविद्यालयाचा उल्लेख वगळावा. देवनागरी मजकूर पीडीएफ करताना जोडाक्षरे फुटण्याची शक्यता असते, म्हणून तयार झालेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घालावी. निबंध अंतिम मुदतीच्या एक दिवस आधी पाठवावा आणि पोहोच मिळेपर्यंत मसुद्यांच्या सर्व प्रती तारखेसह जपून ठेवाव्यात; लेखन स्वतःचे आहे का, अशी विचारणा झालीच तर भिंतीवरच्या वाक्याची जुनी आणि नवी प्रत हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा असतो.